पाऊण इंच

त्याचं नाव मी लिहिणार नाही. गावानं ते इतक्या वेळा घेतलंय की माझ्या लेखणीनं नाही घेतलं तर काही अडत नाही. कोल्हापुरात त्याला आधी मालक म्हणत, मग साहेब म्हणायला लागले, आणि शेवटी शेवटी तर चहाच्या गाड्यावर उभा असलेला कुणीही त्याला देवमाणूस म्हणून मोकळा व्हायचा. मी त्याच्या शेजारच्या बाकावर सहा वर्षं सागवान तासलंय. मला त्याला 'तो' म्हणायची सवय आहे आणि या वयात ती बदलायची माझी इच्छा नाही.

आम्ही दोघं पॅटर्नमेकर. म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. धातूची वस्तू ओतायची तर आधी तिची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून अलगद काढून घ्यायची आणि वाळूत उमटलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. धातू थंड होताना आटतो, म्हणून पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा जरा मोठा करायचा. किती मोठा, ते डोक्यात करत बसायला नको म्हणून आमच्याकडे खास स्टीलच्या पट्ट्या असतात. त्यांच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा किंचित लांब असतो. लोखंडासाठी एक पट्टी आणि पितळेसाठी दुसरी, कारण पितळ लोखंडापेक्षा जास्त आटतं. आणि तिसरी आपली साधी, सुताराकडे असते तशी. या तीन पट्ट्या लक्षात ठेवा. माझं सगळं पाप त्यांच्यातच आहे.

लोकांना वाटायचं की तो श्रीमंत झाला म्हणून मी जळायला लागलो. तसं नाही. मी त्याच्या आधीपासून जळत होतो, तो माझ्याइतकाच फाटका होता तेव्हापासून.

साठचं दशक नुकतं लागलं होतं. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये आम्ही शेजारी शेजारी काम करायचो. आमच्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे एक मिस्त्री होते, पेठेतल्या जुन्या मुसलमान घरातले. वाळूचे साचे करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्हा दोघांना धातू कसा वागतो ते त्यांनीच शिकवलं. दुपारी साडेबाराला शेडच्या दारात एक बुटकी बाई येऊन उभी राहायची. हातात पितळी डबा, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. ती त्याची आई. रोज पेठेतून चालत यायची, कारण पोराला गार भाकरी आवडायची नाही.

माझी आई मी दहा वर्षांचा असताना गेली. घराच्या मागच्या खोलीत माझ्या बहिणीला जन्म दिला आणि रक्त थांबलं नाही. सुईण होती, पण टांगा मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बहीण वाचली. पुढं काकूनं आम्हाला वाढवलं, आणि वाईट नाही वाढवलं, पण सकाळी सहाला फडक्यात बांधलेली भाकरी दुपारपर्यंत चामड्यासारखी व्हायची.

त्या बुटक्या बाईला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. ती आमच्या दोघांच्या मधे बसायची, भाकरीचे दोन तुकडे करायची आणि एक माझ्यापुढे सारायची. "खा की रं, लाजतोस कशाला," म्हणायची. वर झुणका आणि खरड्याचा गोळा. मी खायचो. पोटभर खायचो, आणि प्रत्येक घासागणिक मला त्याचा राग यायचा. त्याला आई होती आणि तो तिच्यावर खेकसायचा, डबा उशिरा आणलास म्हणून. मला ते बघवत नसे.

पुढं त्यानं स्वतःची शेड घेतली. छोटी भट्टी, वाळूचे साचे करणारे दोन मोल्डर. मला म्हणाला, "चल माझ्यासंगं, दोघं मिळून काढू." मी नाही म्हणालो. बहिणीचं लग्न व्हायचं होतं आणि हातातली नोकरी सोडायची छाती झाली नाही. मिस्त्री मात्र गेले त्याच्याबरोबर. मग पाण्याची इंजिनं निघाली. शिरोळच्या मळ्यांत, बिद्रीकडच्या नदीकाठांवर जिथं तिथं त्याचीच इंजिनं धडधडायला लागली. ऊस वाढला तसा तो वाढला. कळंब्याच्या रस्त्याला बंगला झाला. मी उद्यमनगरातच दोन बाकांचं माझं पॅटर्नचं दुकान थाटलं, आणि गंमत बघा, दुकानाच्या दारातून समोर बघितलं की त्याच्या कारखान्याचं गेट दिसायचं. जागा मीच निवडली होती. का निवडली, ते मला विचारू नका.

तो नुसता श्रीमंत झाला असता तर मी कसंबसं सोसलं असतं. पण त्यानं द्यायला सुरुवात केली. तालमीला फरशी दिली. शाळेला बाकं दिली. स्टँडजवळ पाणपोई बांधली. हुशार पोरांच्या फिया भरल्या. दर दोन महिन्यांनी कुठंतरी हलगी वाजायची, त्याला फेटा बांधला जायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक पॅटर्नचं माप सांगायच्या आधी त्याच्या पाणपोईचं कौतुक सांगायचं. मी रंधा जोरात मारायचो, म्हणजे ऐकू येऊ नये.

मग त्याची आई गेली. साऱ्या पेठेसारखा मीही गेलो स्मशानात. पुढं काही महिन्यांनी कळलं की पेठेतल्या दवाखान्याला तो आईच्या नावानं बाळंतिणींसाठी एक कक्ष बांधून देतोय. आठ खाटा, चोवीस तास नर्स, आणि मुंबईहून आणलेली काचेची पेटी. अपुऱ्या दिवसांची मुलं तिच्यात ठेवली की जगतात म्हणे.

हे ऐकलं त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. खरं सांगतो, मला रडू आलं, पण ते चांगलं रडू नव्हतं. त्याची आई पंच्याहत्तर वर्षं जगून, नातवंडं बघून गेली, तिच्या नावानं बाळंतिणींचा कक्ष. माझी आई बाळंतपणात गेली, तिचं नाव कुठंच नाही. असल्या एका खोलीनं ती वाचली असती. पण खोली बांधायला पैसा लागतो आणि पैसा त्याच्याकडे होता, म्हणून दगडावर नाव त्याच्या आईचं.

आणि त्या नावाची पाटी करायला तो माझ्याच दुकानात आला.

गाडी गेटातच ठेवून रस्ता ओलांडून चालत आला. "पितळेची पाटी हवी, चार फूट बाय एक. अक्षरं उठावाची," म्हणाला. "पॅटर्न तू करायचास. दुसऱ्या कुणाच्या अक्षराला तुझं वळण न्हाय." मी हो म्हणालो. त्यानं कागद दिला. वर 'कै.', मग त्याच्या आईचं तीन अक्षरी जुन्या वळणाचं नाव, मग कक्षाचं नाव. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीत पाथरवट काळ्या दगडात बरोबर चार बाय एकची खाच काढणार होता. पाटी तिच्यात बसवायची.

अक्षरं मी जीव ओतून कापली, त्यात कसूर नाही. जुनं वाळलेलं सागवान घेतलं, प्रत्येक कान्याला वाळूतून अलगद सुटण्यापुरता उतार दिला. 'कै.' कापताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. आता त्यालाही आई नव्हती. पण माप घ्यायची वेळ आली तेव्हा मी पितळेची पट्टी खुंटीवरच राहू दिली. लोखंडाचीही घेतली नाही. साधी पट्टी घेतली आणि चार फूट म्हणजे बाजारातले चार फूट मोजले. चार फुटांच्या पितळेला पाऊण इंच जास्त द्यावा लागतो. तो मी दिला नाही. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. आम्ही रात्रंदिवस लोखंडाच्या कामात, पितळेचं काम वर्षातून एखादं. सवयीनं हातात लोखंडाची पट्टी आली म्हणायचं. असली चूक आमच्या धंद्यात कुणाकडूनही होते.

मिस्त्रींनी त्याच्या कारखान्यात पाटी ओतली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती खाचेत लावली तर दोन्ही बाजूंनी फट राहिली. गवंड्यानं सिमेंट भरून ती बुजवली. दुसऱ्या दिवशी लेझीम झाली, भाषणं झाली. एका वक्त्यानं त्याला या करवीरनगरीचा खरा नायक म्हटलं आणि टाळ्या थांबेनात. मी मागं उभा होतो. तो पाटीजवळ गेला, हार घातला, आणि मग पाटीच्या कडेवरून, जिथं सिमेंट भरलं होतं तिथं, अंगठा फिरवला. सावकाश, इकडून तिकडं. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. मला वाटलं, कळलं नाही त्याला. कारखानदार झाल्यावर हात विसरला.

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या भिंतीवरून मुद्दाम जायचो. ती सिमेंटची रेघ बघितली की गार वाटायचं.

मिस्त्रींना तेव्हा खोकला लागला होता. वीस-पंचवीस वर्षं वाळूत घालवलेल्या माणसाला लागतो तसला, आतून खरवडणारा. मिरजेला उपचार चालू होते आणि खर्च अर्थातच मालक करत होता. एका संध्याकाळी ते पॅटर्न न्यायला आले आणि चहाला बसले. मालकानं कसं डॉक्टरला स्वतः फोन केला ते सांगायला लागले, तसा माझा बांध फुटला.

"मिस्त्री, तुमची छाती त्याच्याच वाळूनं खाल्ली. तोंडाला बांधायला कधी फडकं तरी दिलं त्यानं?"

"न्हाय दिलं."

"मग तुमच्या छातीतनं पैसा काढायचा, त्यातला थोडा औषधाला द्यायचा, आन् वर देवमाणूस म्हणवून घ्यायचं. असा कसला नायक?"

मिस्त्रींनी बशीतला चहा संपवला. खोकून घेतलं. मग म्हणाले, "तू म्हणतोस त्यात एक अक्षर खोटं न्हाय. पर तू ते माझ्यासाठी बोलत न्हाईस. तुझ्या पोटात दुखतंय म्हणून बोलतोयस. माझ्यासाठी बोलायचं असंल तर ऊठ, आत्ता दोघं रस्ता ओलांडू आन् त्याला इचारू. येतोस?"

मी उठलो नाही. काहीतरी काम काढून बाकाकडे वळलो. ते पॅटर्न काखोटीला मारून गेले. त्यांचा खोकला रस्त्याच्या पलीकडं जाईपर्यंत ऐकू येत होता.

माझं लग्न तसं उशिरा झालं. पहिल्या खेपेला बायकोचे दिवस भरायला दीड महिना बाकी असताना तिला भर दुपारी कळा सुरू झाल्या. रिक्षावाल्यानं विचारलंही नाही. सरळ त्या कक्षापुढं नेऊन उभी केली. पेठेत सगळे तिथंच जात. बायकोला आत नेलं आणि मी त्या पाटीखाली दोन तास बसून होतो. वर बघितलं नाही.

मुलगी झाली. माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. रडलीसुद्धा नाही, मांजराच्या पिलासारखा आवाज केला फक्त. नर्सनं तिला उचललं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. आत उबेसाठी दिवा होता. बावीस दिवस ती त्यात होती. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी जायचो आणि काचेपुढं उभा राहून तिची छाती हलते का ते बघायचो.

एका सकाळी माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. तो होता. आठवड्यातून एकदा चक्कर मारायचा म्हणे. खाटेवरून बायकोनं त्याला हात जोडले, डोळ्यांत पाणी आणून जोडले. मी माझे हात खिशात घातले. तो पेटीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "नाक तुझं हाय." आणि पुढच्या खाटेकडे गेला. माझी पोरगी त्याच्या काचेत, त्याच्या दिव्याच्या उबेत श्वास घेत होती, आणि मला आभार मानता येत नव्हते. याहून वाईट अवस्था मला ठाऊक नाही.

पोर घरी आली, अंगानं भरली, आणि बारसं ठरलं. नाव आत्यानं ठेवायचं, हा रिवाज. आत्या म्हणजे माझी तीच बहीण, जिच्या जन्मात आई गेली. नाव काय ठेवायचं ते मी तिला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? आईचं नाव. घरात पहिली मुलगी आली होती, दुसरं कुठलं नाव असणार?

घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. पाळण्याच्या वरून-खालून लेक फिरवली. बहीण तिच्या कानाशी वाकली, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि तिनं हसत हसत मोठ्यानं नाव सांगितलं. तीन अक्षरी, जुन्या वळणाचं. मी लाकडात कापलेलं.

बायका वा वा करत होत्या. मी बहिणीला मागच्या खोलीत घेऊन गेलो. "हे काय केलंस?" म्हटलं.

ती घाबरली नाही. ती कधीच घाबरायची नाही मला. "दादा, आईचं नाव ठेवून हाक कुणी मारली असती? वहिनी सासूचं नाव घेणार न्हाय, तू आईला नावानं हाक मारणार न्हाईस. पोरगी बिननावाचीच वाढली असती की." मग म्हणाली, "आन् आई ह्या खोलीत गेली. ही तिथं जगली. ज्या नावाखाली जगली, तेच ठेवलं."

खोली तीच होती.

सहा वर्षं मी माझ्या लेकीला नावानं हाक मारली नाही. 'बाय' म्हणायचो, 'चिमणे' म्हणायचो. बायको दारात उभी राहून मोठ्यानं नाव घेऊन हाक मारायची तेव्हा मला वाटायचं, त्याचीच आई डबा घेऊन येतेय. माणूस कुठवर पोचतो बघा. इंजिनं घेतली, गाव घेतलं, आणि आता माझ्या घरातलं नावही त्याचंच. पण मी मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. पाळण्यातलं नाव पाळण्यापुरतं. शाळेच्या दाखल्यावर लागतं ते खरं. शाळेत घालायच्या दिवशी मी बाईंना माझ्या आईचं नाव सांगणार होतो. बायकोलाही बोललो नव्हतो.

तो दिवस आला. लेकीच्या दोन वेण्या, नवं दप्तर, माझा हात धरून उड्या मारत चाललेली. बालवाडीत अक्षरं शिकली होती आणि दिसेल ती पाटी वाचायचं वेड लागलं होतं तिला. दुकानाच्या पाट्या, सायकलच्या मागं लिहिलेलं, काहीही. शाळेची वाट दवाखान्यावरून जात होती. मी पलीकडच्या बाजूनं नेत होतो, पण ती हात सोडून भिंतीकडे धावली.

"आबा! माझं नाव!"

फाटकाशी बसलेल्या बाया हसायला लागल्या. लेक टाचा उंचावून अक्षरांवर बोट फिरवायला बघत होती. "माझ्या नावाची पाटी हाय! एवढी मोठी!" मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, मोठ्यानं, शिकवल्यासारखं. पहिलं अक्षर वाचलं आणि अडखळली. "आबा, माझ्या नावाच्या आधी 'कै' का लिवलंय? 'कै' म्हंजी काय?"



"काय न्हाय. चल, उशीर होतोय," मी म्हणालो. तिचा हात धरला आणि ओढतच पुढं नेली.

शाळेत बाईंनी रजिस्टर उघडलं. "नाव काय?" मी माझ्या आईचं नाव तोंडात धरून उभा होतो. लेकीनं माझ्या आधी उत्तर दिलं, खणखणीत, आणि वर सांगितलं, "माझ्या नावाची दवाखान्यावर पाटी हाय." बाई हसल्या आणि लिहून मोकळ्या झाल्या. सहा वर्षांच्या पोरीकडून तिचं नाव काढून घ्यायचं, ते माझ्याच्यानं झालं नाही.

पण 'कै.' माझ्या डोक्यातून जाईना. मी शिकलेला माणूस नाही, पण एका अक्षरानं मरण येत नाही एवढं मला कळतं. तरीही. ते अक्षर कुणा दुसऱ्याच्या हातचं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते मी कापलं होतं, बरं वाटून घेत कापलं होतं. आणि त्याच्यामागं आता माझी लेक उभी होती. लेकीला साधा ताप आला तरी मी रात्रभर बसून राहायचो.

महिनाभरानं मी रस्ता ओलांडला. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या गेटातून आत गेलो. ऑफिसात तो एकटाच होता. केस पांढरे झाले होते.

"काय मर्दा! ये, बस."

मी बसलो नाही. "दवाखान्याची पाटी बदलायची हाय. मी नवी करून देतो. तू फक्त व्हय म्हण."

"का? खाचेत सैल बसली म्हणून?"

तयार ठेवलेलं उत्तर इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून आपोआप निघालं. "चूक झालती तवा. सवयीनं लोखंडाची पट्टी घेतली गेली."

तो हसला. "लोखंडाची घेतली असतीस तर पाव इंच कमी पडलं असतं. पाऊण पडलं. म्हंजी साधी पट्टी. आन् तुझ्यासारखा माणूस साधी पट्टी चुकून घेत न्हाय."

त्याचा हात काही विसरला नव्हता.

"मग परत का न्हाई पाठवलीस?"

"आई तुला अर्धी भाकरी द्यायची तवा तू खाता खाता माझ्याकडं कसा बघायचास, ते तिला दिसायचं. मला म्हणायची, बघू दे, त्याला आई न्हाय." तो टेबलावरची लोखंडी गोटी हातात फिरवत होता. "तिच्या पाटीतनं पाऊण इंच तू काढून घेतलास. म्हटलं, असू दे. आईनं दिलंच असतं."

त्यानं शिवी घातली असती तर मी सुखानं घरी गेलो असतो. पण इथंही तोच मोठा निघाला. लाज वाटायला हवी होती. लाजेच्या आधी मत्सरच उफाळला. आणि मग मी हाताशी असलेली एकच गोष्ट फेकली.

"पाऊण इंच तुला अंगठ्यानं कळलं. मिस्त्रींच्या छातीत वाळू भरत हुती ती पंधरा वर्षं दिसली न्हाय? एक फडकं दिलं न्हाईस कुणाच्या तोंडाला. गाव तुला नायक म्हणतंय."

गोटी थांबली. त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. उभ्या आयुष्यात मी त्याला पहिल्यांदाच असा बघत होतो, आणि मला आनंद झाला. मिस्त्रींच्या खोकल्यावर उभा राहून झालेला आनंद. तो मी आजही विसरलेलो नाही आणि त्याची शरमही विसरलेलो नाही, कारण मिस्त्रींनी मला ऊठ म्हटलं होतं तेव्हा मी उठलो नव्हतो.

त्यानं गोटी खाली ठेवली. शेवटी तोच म्हणाला, "पाटी का बदलायची ते सांग."

मी सांगितलं. लेकीचं नाव, बहिणीनं ठेवलेलं, आणि तिनं रस्त्यात विचारलेलं. त्यानं खण उघडून कागद काढला, त्यावर आईचं नाव आणि कक्षाचं नाव लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवला. सुरुवातीचं 'कै.' त्यात नव्हतं.

"आई गेली ते साऱ्या पेठेला ठाऊक हाय. ते पाटीवर कशाला? जितं नाव असू दे."

त्याच्या पुढच्याच महिन्यात त्याच्या कारखान्यात मोल्डरांना तोंडाला बांधायच्या जाड पट्ट्या आल्या. मिस्त्रींना त्यांचा आता काही उपयोग नव्हता. कामगारांची काळजी घेणारा मालक म्हणून वर्तमानपत्रात फोटो मात्र आला, त्याचाच.

तो नायक होता का, असं मला पुढं कितीतरी जणांनी विचारलं, कारण मी त्याचा जुना सोबती. मी म्हणायचो, मला विचारू नका. मी त्याच्याबद्दल खरं बोललो तेव्हाही ते वाकड्या तोंडानं बोललो. त्याच्या काचेच्या पेटीत माझी मुलगी जगली आणि त्याच्या वाळूत माझा गुरू गेला. यातलं एक पुढं करून दुसरं झाकायचं, तर ते काम वक्त्यांना जमतं, मला जमत नाही.

नवा पॅटर्न मी आठ दिवस करत होतो. पितळेची पट्टी खुंटीवरून काढली, पुसली, प्रत्येक माप तीन-तीनदा घेतलं. ओतायच्या दिवशी मिस्त्री स्टुलावर बसून होते, उठवत नव्हतं त्यांना. मी पट्टी टेकवून दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून आकडे बघितले आणि मान हलवली.

पाटी बसवली त्या सकाळी पुन्हा माणसं जमली. गवंड्यानं ती खाचेत सरकवली आणि ती अशी बसली की मधे नख शिरू नये. सिमेंटचं घमेलं तसंच भरलेलं राहिलं. गवंडी बाजूला झाला तसं त्यानं पुढं होऊन कडेवरून अंगठा फिरवला आणि या वेळी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या गळ्यात हार पडायला लागले. माझ्या शेजारचा एकजण म्हणाला, "बघा पावणं, आईसाठी दुसऱ्यांदा पाटी केली. काय माणूस हाय!" माझ्या पोटात दुखायचं ते दुखलंच.

मी लेकीला नावानं हाक मारली. माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं तिनं, म्हणून चमकून वळली. तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हटलं, "वाच." तिनं टाळ्यांच्या वर आवाज काढून वाचलं. पाटी नावापासूनच सुरू झाली.